वरची खोली कुठे बांधणार?

नमस्कार मंडळी. कमी कार्बनची वसाहत या विषयावर बोलायला बोलावलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता तासभर सोलर पॅनेल. सोलर आमच्याकडे आहे, चांगलं चाललंय. पण अक्कलकोट रोडच्या बाजूला ८४ घरं उभी करताना आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते स्लॅबनं. म्हणून सुरुवात तिथून.

सोलापूरचं अक्षांश साधारण साडेसतरा अंशांच्या थोडं वर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथं भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे पारा जेव्हा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असतो, तेव्हाच ऊन भिंतींपेक्षा छतावर जास्त कोसळत असतं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ते पितो आणि रात्री दहानंतर आत सोडत बसतो. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत हे होत नव्हतं. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची. माळवद गळायचं, दर पावसाळ्याआधी वर माती घालावी लागायची, हेही खरं. स्लॅब आला आणि गळणं थांबलं. मात्र मातीचा तो थरही गेला, आणि त्याच्या जागी काय घालायचं हे आपण स्वतःला विचारलंच नाही.

आम्ही घरांच्या लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवल्या. दक्षिणेला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो, कारण ऊन उंचावरून येतं. पश्चिमेचं ऊन तिरकं, ते छज्ज्याला दाद देत नाही. म्हणून त्या बाजूला मोरी, जिना आणि कपाटं टाकली. याला जास्तीचा एक रुपया लागला नाही. नकाशा काढताना अर्धा दिवस जास्त लागला, एवढंच.

आता पंख्यांची गोष्ट. साधा पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दिवसाला सोळा तास चालला तर एका पंख्यामागे जवळजवळ पाऊण युनिट वाचतं. देशात एक युनिट विजेमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळसा कुठं जळतो ते बघायला आपल्याला लांब जायला नको, फताटेवाडीला १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. हा सगळा हिशोब मी सभासदांच्या बैठकीत फळ्यावर मांडला. पुढच्या रांगेतल्या एक मावशी, तीस वर्षं विड्या वळणाऱ्या, म्हणाल्या, "साहेब, पंखा लावला तर सुपातली तंबाखू उडतंय की ओ. आम्ही दिवसा पंखा लावतच नाही."

माझा हिशोब चुकीचा नव्हता, पण तो त्यांच्या दिवसाचा नव्हता. सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसणारी बाई बिनपंख्याची बसते, तापलेल्या स्लॅबखाली. आमच्या सभासदांत विडी कामगार बायका मोठ्या संख्येनं, बाकी टॉवेलच्या मागावर जाणारे, काही घरी शिलाई करणारे. त्यांचं घर हाच त्यांचा कारखाना. त्या बैठकीनंतर आम्ही नकाशे परत काढले. प्रत्येक घराला उत्तरेकडे ओटा दिला, दोन बायका समोरासमोर सूप घेऊन बसतील एवढा रुंद. तिथं उजेड भरपूर आणि ऊन नाही. छतावर फुटक्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर दिला. पैसे संपले तिथं नुसता चुना. चुना स्वस्त आहे, पण दर वर्षी मारावा लागतो. गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी आता सगळी वसाहत गच्चीवर असते. कुठल्याही यंत्रापेक्षा मला हा रविवार मोलाचा वाटतो.

सिमेंटबद्दल थोडं सांगतो, कारण राहायला जाण्याआधीच घराचा मोठा कार्बन खर्ची पडलेला असतो. सिमेंट करताना भट्टीत शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर त्या दगडातूनच ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टीचं इंधन वेगळं. ते इंधन उद्या सौरऊर्जेचं झालं तरी हे ४४ किलो सुटत नाहीत. उपाय एकच, सिमेंट कमी वापरणं. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट बरचसं बिनकामाचं असतं, ताण लोखंड घेतं. तिथं सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौलं बसवून आम्ही फिलर स्लॅब टाकले. काँक्रीट वाचलं आणि कौलांमधल्या हवेनं उष्णताही थोडी अडवली. भिंती रॅट-ट्रॅप पद्धतीनं, म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवून. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. विटा साधारण पाव भाग कमी लागतात. सुरुवातीला गवंड्यांनी नकार दिला. मग आम्ही एका मिस्त्रीला आठवडाभर फक्त एकच भिंत बांधायला लावली, बाकीचे त्याच्याकडून शिकले. विटा राखेच्या वापरल्या, वीज केंद्राची राख इथं मिळते.

आता जे फसलं ते. लंडनच्या दक्षिणेला बेडझेड नावाची वसाहत आहे, २००२ साली पुरी झाली. जाड भिंती, दक्षिणेकडे काचा, कारण तिथं ऊन आत घ्यायचं असतं. आपल्याला नेमकं उलट करायचं असतं. तिथं लाकडाच्या चिपांवर वीज आणि उष्णता देणारं एक केंद्र बसवलं होतं. ते काही वर्षांतच बंद पडलं आणि गॅसचे बॉयलर आले. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणाही थांबली. भिंती आणि काचा मात्र आपलं काम करत राहिल्या. हे मी वाचलं होतं, तरी तीच चूक केली. एका कंपनीची बंद पेटीतली सांडपाणी यंत्रणा घेतली. दुसऱ्या वर्षी तिचा ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारा पंखा, जळला, सुटा भाग मिळायला महिने लागले, आणि देखभाल करणारा मुलगा पुण्याला गेला. वास सुटला. लोकांनी माझ्या तोंडावर सुनावलं, आणि त्यांचं बरोबर होतं. आज तिथं खडीचा वाफा आहे, त्यावर कर्दळ. मोरीचं पाणी आधी टाकीत निवळतं, मग मुळांमधून जातं आणि बागेला मिळतं. गाळ उपसणं सोडलं तर त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

पाण्याचा आणि कार्बनचा संबंध काय, असं कोणी विचारतं. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून पंपांनी आणावं लागतं. वाफ्यातून बागेला गेलेलं पाणी त्या पंपांना आणावं लागत नाही.

अंतराचा मुद्दा मात्र पाण्यापेक्षाही मोठा आहे. सोलापूरला वसाहत बांधणं नवं नाही. शहराबाहेर कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची दहा हजार घरं झाली. पुढे रे नगरमध्ये तीस हजारांची योजना आली आणि त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. एवढ्या गरिबांना हक्काचं छत मिळालं याचा मला मनापासून आदर आहे. आमच्यासारख्यांनी तिथून एक प्रश्न घ्यायचा, तो असा की विडीचं पान-तंबाखू कुठून आणायचं आणि तयार विड्या कुठं द्यायच्या? रोज दहा किलोमीटर रिक्षा करावी लागली तर घरात वाचवलेला कार्बन रस्त्यावर जातो, मजुरीचा मोठा तुकडाही जातो. आम्ही जागा महाग घेतली, लहान घेतली, पण मागाचे कारखाने सायकलच्या अंतरावर राहिले. त्या वेळी यावरून भांडणं झाली. आजही मी तोच निर्णय घेईन.

आणि शेवटचं, ज्याचं उत्तर अजून पुरतं सापडलेलं नाही. मुलाचं लग्न ठरतं आणि वर एक खोली लागते. पाच वर्षांत कितीतरी घरांवर पत्र्याच्या खोल्या चढल्या. पत्रा मे महिन्यात भट्टी होतो, मग त्या खोलीत कूलर येतो, मागोमाग हप्त्यावर एसी. पांढरी फरशी खोलीखाली झाकली जाते, आणि खोलीची सावली शेजारच्या सोलरवर पडते. लोकांना मी काय म्हणून दोष देऊ? घर वाढणारच होतं, हे आम्ही नकाशात धरलं नव्हतं. आता दुसऱ्या टप्प्याच्या घरांना जिना पहिल्या दिवसापासून आहे, खांबांच्या सळया वर काढून ठेवल्यात, पॅनेल एका कोपऱ्यात उंच चौकटीवर आहेत. आणि चावीबरोबर वरच्या खोलीचा मंजूर नकाशाही हातात देतो, फिलर स्लॅबचा, उत्तरेच्या खिडकीचा. गेल्या महिन्यात त्या नकाशावर पहिली खोली सुरू झाली. मिस्त्री तोच आहे, ज्याला आम्ही आठवडाभर एक भिंत बांधायला लावली होती.