गाडीतून उतरून बघायचा प्रांत

दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, केपटाउन शहर आणि क्रूगर हे वन्यप्राण्यांचं राष्ट्रीय उद्यान, ही दोन नावं हमखास येतात. क्वाझुलू-नाताल हा प्रांत यादीतून गळतो, किंवा डर्बनच्या समुद्रावर एक संध्याकाळ काढून उरकला जातो. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे. हा प्रांत गाडीच्या काचेतून नीट दिसत नाही. इथलं जे खरं बघण्यासारखं आहे, त्यासाठी पाय वापरावे लागतात.

आधी भूगोल पाहू. पश्चिमेला, लेसोथो या देशाच्या सीमेवर, ड्राकेन्सबर्ग पर्वताचे 3,000 मीटरहून उंच कडे. पूर्वेला हिंदी महासागर. मधलं अंतर सरळ रेषेत जेमतेम 200 किलोमीटर. किनाऱ्यालगत अगुल्हासचा उबदार प्रवाह वाहतो, म्हणून खाली दमट हवा आणि उसाचे मळे. त्याच दिवशी वर बर्फ पडलेला असू शकतो. हिवाळ्यात, म्हणजे तिथे जून ते ऑगस्टमध्ये, जाणाऱ्यांनी दोन्हींचे कपडे घ्या, एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

ड्राकेन्सबर्गचा माथा बेसॉल्टचा आणि त्याखाली फिकट वालुकाश्म. हा वालुकाश्म झिजून कपारी तयार होतात. त्या कपारींत सान, म्हणजे इथले मूळचे शिकारी लोक, राहत आणि चित्रं काढत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला शैलचित्रांचा एवढा दाट साठा दुसरीकडे नाही. त्यातलं एकच ठिकाण निवडायचं असेल तर कांबर्गचं गेम पास शेल्टर निवडा. तास-सव्वा तासाची चढण आहे आणि वाटाड्याशिवाय जाता येत नाही. तिथे इलंड या मोठ्या हरणाचं एक चित्र आहे. मान खाली गेलेली, अंगावरचे केस उभे राहिलेले, मागचे पाय एकमेकांत अडकलेले. जनावर मरतंय. त्याची शेपटी धरून एक माणूस उभा आहे, आणि नीट निरखलं तर त्याचेही पाय तसेच एकमेकांत अडकलेले आहेत, पावलांच्या जागी खूर आहेत. डेव्हिड लुइस-विल्यम्स या संशोधकाने या चित्रावरून मांडणी केली, की ही निव्वळ शिकारीची दृश्यं नाहीत. नाचता नाचता अंगात आलेला वैद्य आणि मरणारा इलंड एकाच अवस्थेत दाखवले आहेत. हे वाचून ठेवा, मग चढा. एरवी हौशी मंडळी ‘छान हरीण आहे’ म्हणून फोटो काढतात आणि उतरतात. पूर्वी तर रंग उजळ दिसावेत म्हणून लोक चित्रांवर पाणी मारत. त्याने रंग निघून आला. आता वाटाडा सक्तीचा आहे ते बरंच आहे.

आता प्राणी. ह्लुह्लुवे-इम्फोलोझी हे उद्यान 1895 साली राखीव झालं. त्याचा काही भाग त्याआधी झुलू राजांचं शिकारीचं रान होता. एकोणिसावं शतक संपताना दक्षिणेकडचा पांढरा गेंडा फक्त इथेच, शंभराच्या आत उरला होता. 1960च्या दशकात इथले वनाधिकारी इयन प्लेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेंड्यांना भुलीची सुई मारून पकडण्याचं तंत्र बसवलं आणि ते इथून दूरदूर पाठवले. आज जगात कुठेही या जातीचा गेंडा दिसला, तर त्याचे पूर्वज इथले. क्रूगरमधलेसुद्धा!

पण हे ऐकून फार सुखावू नका. 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेत चोरट्या शिकारीत 499 गेंडे मारले गेले, त्यातले 325 या एका प्रांतात. म्हणून 2024 पासून या उद्यानात गेंड्यांची शिंगं कापायला सुरुवात झाली. शिंग नखासारखं केराटिनचं असतं, योग्य जागी कापलं तर दुखत नाही, पुन्हा वाढतं. त्यामुळे तुम्हाला दिसलेला गेंडा बोडका असण्याची शक्यता बरीच आहे. फोटो बिघडला म्हणून नाराज होणारे लोक असतात. मला त्यांचं काय करावं कळत नाही.

जीपची सफर सगळेच करतात. इम्फोलोझीत मात्र 1959 पासून पायी रानवाटा चालतात. प्लेयर आणि त्यांचे झुलू सहकारी मगकुबु न्टोंबेला यांनी त्या सुरू केल्या. रस्ता नाही, पुढे बंदूकधारी वाटाडे, मागे तुम्ही ओळीने. वारा कुठून वाहतोय याकडे आपण एरवी कधी लक्ष देतो? तिथे ते आपोआप जातं.

इतिहासाचंही तेच. इसान्डलवाना इथे 22 जानेवारी 1879 रोजी झुलू सैन्याने ब्रिटिश छावणी पुरती नेस्तनाबूत केली. साम्राज्याचे 1,300हून जास्त लोक पडले. आज तिथे एक डोंगर, गवत आणि पांढऱ्या रंगाचे दगडांचे ढीग. ते ढीग जिथे आहेत तिथे सैनिक पुरलेले आहेत. रस्त्यावरून पाहिलं तर दहा मिनिटांत आटोपतं. ढिगामागून ढीग चालत गेलात तर माणसं पळाली कोणत्या दिशेने आणि कुठवर पोचली, हे पायाखाली कळतं. वाटाड्या झुलू घ्या. दुसरी बाजू इंग्रजी पुस्तकांत भरपूर आहे.

भारतीय माणूस पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनवर थांबतोच. 7 जून 1893 ची रात्र, गांधीजींना डब्यातून उतरवलं, तिकडे जून म्हणजे ऐन थंडी. पण तिथेच थांबू नका. डर्बनजवळच्या इनांडात 1904 साली गांधीजींनी फिनिक्स आश्रम काढला. जवळच ओह्लांगे ही जॉन डुबे यांची शाळा. हेच डुबे 1912 मध्ये, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले, आणि 1994 मध्ये मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत याच शाळेत टाकलं. त्याच 1912 साली आपले गोपाळ कृष्ण गोखलेही नातालमध्ये येऊन गेले. करार संपलेल्या गिरमिटियांवर, म्हणजे भारतातून करारावर आणलेल्या मजुरांवर, तीन पौंडांचा कर होता, तो रद्द करण्यासाठी त्यांनी सरकारदरबारी बोलणी केली. आश्वासन मिळालं, पाळलं गेलं नाही, 1913 चा सत्याग्रह पेटला आणि 1914 मध्ये कर गेला. त्या गिरमिटियांचीच नातवंडं-पतवंडं डर्बनमध्ये पावाचा गाभा काढून त्यात रस्सा भरतात, त्याला बनी चाऊ म्हणतात. चतकोर पावाचा मागवा, अर्ध्याचा संपत नाही.

शेवटचा प्रश्न नेहमी येतो, जायचं कधी? जनावरं बघायची तर जून ते ऑगस्ट. गवत सुकलेलं असतं, प्राणी पाणवठ्यावर येतात. समुद्री कासवं बघायची तर नोव्हेंबर ते जानेवारी. प्रांताच्या उत्तरेकडच्या इसिमंगलिसो उद्यानाच्या किनाऱ्यावर लेदरबॅक आणि लॉगरहेड माद्या रात्री अंडी घालायला वर येतात, आणि तिथेही वाटाड्याबरोबर वाळूतून चालावंच लागतं. तो उन्हाळा, पाऊस आणि उत्तरेला मलेरियाचाही हंगाम, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. दोन्ही एका फेरीत जमत नाही.