लोखंडी हाताचा सरदार

१५७० साल. पश्चिम फ्रान्समधल्या फाँतने-ल-काँत गावाला वेढा पडलाय. एक गोळी येते आणि वेढा घालणाऱ्या फौजेचा सेनापती फ्रान्स्वा द ला नू याच्या डाव्या हाताचा चुरा होतो. हात कापावा लागतो.

घोडेस्वाराचा डावा हात म्हणजे लगामाचा हात. उजव्यात तलवार, घोडा सांभाळायचा तो डाव्यानंच. तोच गेला, की लढाई संपली. पण ला रोशेलच्या एका कारागिरानं ला नूला लोखंडी हात घडवून दिला. लगाम अडकवायला त्याला एक आकडा होता. ला नू पुन्हा घोड्यावर बसला, आणि लोक त्याला 'ब्रा द फेर' म्हणू लागले. लोखंडी हाताचा!

तो वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या सरदार घराण्यातला, जन्म १५३१ चा. धर्मानं ह्यूगेनॉट, म्हणजे धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या पंथाचा फ्रेंच प्रोटेस्टंट. फ्रान्समध्ये तेव्हा कॅथलिक आणि ह्यूगेनॉट यांच्यात यादवी युद्ध चाललं होतं.

ऑगस्ट १५७२. सेंट बार्थोलोम्यूच्या रात्री पॅरिसमध्ये ह्यूगेनॉटांची कत्तल सुरू झाली. त्यांचा नेता कोलिन्यी मारला गेला. ला नू तेव्हा नेदरलँड्समध्ये स्पेनशी लढत होता, म्हणून वाचला. तो परतल्यावर कॅथलिक राजानं त्यालाच ला रोशेल या बंडखोर ह्यूगेनॉट शहराची समजूत घालायला धाडलं. स्वधर्मीयांना वाटलं, हा फितूर झाला. एका धर्मोपदेशकानं त्याच्या थोबाडीत मारली, असं सांगतात. सोबतचे लोक खवळले. ला नूनं त्यांना आवरलं आणि त्या माणसाला सुखरूप घरी पोचवायला लावलं. मला हा माणूस सगळ्यात मोठा दिसतो तो इथे, रणांगणावर नव्हे.

१५८० मध्ये तो स्पॅनिशांच्या हाती लागला. लिम्बुर्गच्या किल्ल्यात पाच वर्षं कैद. तिथे त्यानं लेखणी धरली. फौज कशी असावी, पिस्तूलधारी घोडेस्वार भालेवाल्यांना भारी का पडतात, हे त्यात आहेच. पण आपल्याच देशबांधवांशी चाललेलं हे युद्ध फ्रान्सला कसं पोखरतंय, हेही त्यानं कळवळून लिहिलं. १५८७ साली ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला छापलं गेलं.

सुटल्यावर तो फ्रान्सचा राजा चौथा आंरी याच्या बाजूनं लढला. १५९१ च्या उन्हाळ्यात, ब्रिटनीतल्या लांबालच्या वेढ्यात, आतली हालचाल पाहायला तो शिडीवर चढला. गोळी कपाळाला लागली आणि तो खाली कोसळला. ४ ऑगस्टला माँकाँतूर गावात त्यानं प्राण सोडला.