१८६४: एका सहीने ओढवून घेतलेलं युद्ध

नमस्कार मंडळी. आधी नकाशा बघू.

[नकाशा]

वर डेन्मार्क, खाली जर्मन राज्यं, आणि मधे श्लेस्विग अन् होल्श्टाइन. दोन्ही डची, म्हणजे ड्यूकची संस्थानं. ड्यूक कोण, तर डेन्मार्कचाच राजा! तरीही ती डेन्मार्कच्या राज्यात मोडत नव्हती. होल्श्टाइन जर्मन राज्यसंघाचं सभासद, श्लेस्विग नाही. श्लेस्विगच्या दक्षिणेला जर्मन बोलणारे, उत्तरेला डॅनिश. त्यात १४६० सालचा एक कागद, दोन्ही कायम एकत्र राहतील असं सांगणारा. चारशे वर्षांनी जर्मन तोच कागद नाचवत होते.

१८४८ ते १८५१ मध्ये यावरून एक युद्ध होऊन गेलं होतं. रशियाने प्रशियाला, म्हणजे उत्तरेकडच्या बड्या जर्मन राज्याला, दटावलं आणि डेन्मार्क तरला. कोपनहेगनमध्ये मात्र समजूत झाली की आपल्या शिपायांनीच जर्मनांना लोळवलं. माझ्या मते सगळा घोटाळा इथे आहे. कारण त्यानंतर डेन्मार्कने शब्द दिला होता, की श्लेस्विग राज्यात ओढणार नाही.

१५ नोव्हेंबर १८६३ ला राजा सातवा फ्रेडरिक वारला, तोही निपुत्रिक. गादीवर आला नववा क्रिस्तियान. तीन दिवसांत त्याच्यापुढे नवी राज्यघटना ठेवली गेली, श्लेस्विगला डेन्मार्कशी बांधणारी. त्याच्या मनात नव्हतं, पण मंत्री आणि राजधानीतली माणसं हट्टाला पेटलेली. केली सही. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क, त्याला आयतं कोलीत मिळालं: शब्द तुम्ही मोडलात.

इंग्लंडचा पंतप्रधान पामर्स्टन काही महिन्यांपूर्वी संसदेत बोलला होता, की डेन्मार्कवर हात टाकणाऱ्याची गाठ एकट्या डेन्मार्कशी पडणार नाही. डॅनिश लोक त्यावर विसंबले. शिवाय क्रिस्तियानची मुलगी अलेक्झांड्रा इंग्लंडच्या युवराजाची बायको. (मुंबईच्या इंदिरा डॉकला पूर्वी हिचंच नाव होतं.) पण व्हिक्टोरिया राणीची थोरली लेक प्रशियाच्या युवराजाला दिलेली! राणीचा कल जर्मनांकडे. मदत आलीच नाही.

१ फेब्रुवारी १८६४. प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा आयडर नदी ओलांडून श्लेस्विगमध्ये घुसल्या. डॅनिश सैन्य डानेविर्केवर, म्हणजे मध्ययुगापासूनच्या मातीच्या तटावर उभं. भिस्त होती बाजूच्या पाण्यावर, आणि थंडीने ते पाणीच गोठलं. सेनापती दे मेझाने ५ तारखेच्या रात्री माघार घेतली. निसरडा रस्ता, तोफा ओढताना घोडे घसरून पडताहेत, अवजड तोफा जागच्या जागी सोडलेल्या. फौज वाचली. कोपनहेगनमध्ये लोक खवळले आणि दे मेझाची उचलबांगडी झाली. त्या बिचाऱ्याने आणखी काय करायचं होतं?

१८ एप्रिलला ड्युबोलचे, म्हणजे श्लेस्विगमधल्या डॅनिश ठाण्याचे, बुरूज पडले. डेन्मार्कमध्ये आजही हा दिवस पाळतात.

मला थांबायचंय ते उत्तर डेन्मार्कमधल्या लुंडबीच्या चकमकीपाशी, ३ जुलै १८६४. डॅनिश तुकडी संगिनी रोखून उतारावरून धावत निघाली. खाली बांधाआड प्रशियाचे शिपाई. डॅनिश बंदूक तोंडातून भरायची, त्यासाठी बहुतेकदा उभं राहावं लागे. प्रशियाची ड्रायझे बंदूक मागून भरायची, तीही आडवं पडून, आणि कितीतरी पट झटपट. काही मिनिटांत तीसहून जास्त डॅनिश शिपाई मारले गेले. समोरचे फक्त तिघे जखमी.

त्याआधी लंडनला तहाची बोलणी झाली होती. श्लेस्विग वाटून घ्या, असा प्रस्ताव होता. रेघ कुठे मारायची यावर अडलं. ती त्रयस्थाकडून ठरवून घ्यायलाही डेन्मार्क तयार झाला नाही. आणि ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाच्या तहात श्लेस्विग, होल्श्टाइन, शिवाय लाउएनबुर्ग ही शेजारची छोटी डची, तिन्ही प्रशिया-ऑस्ट्रियाकडे गेली.

वाटणी झाली, पण १९२० साली, पहिल्या महायुद्धानंतर मतदान घेऊन. उत्तरेच्या पट्ट्यात सुमारे ७५ टक्के मतं डेन्मार्कला, मधल्या पट्ट्यात सुमारे ८० टक्के जर्मनीला. आजची सरहद्द तीच.

जिंकलेल्या दोघांची याच लुटीवरून १८६६ मध्ये जुंपली, ते पुढच्या भागात.