तीन महिन्यांसाठी आलेली डॉट

(दृश्य : अंधारातून उजेडात येणारा जुना कॅसेट रेकॉर्डर. एक सुरकुतलेलं बोट बटण दाबतं. फीत फिरू लागते.)

३१ जानेवारी २००८. गुरुवारची संध्याकाळ. बीबीसीवर ‘ईस्टएंडर्स’ ही मालिका लागली आहे. एरवी हा अर्धा तास म्हणजे पबमधली भांडणं, लपवलेली लफडी आणि धाडकन आपटलेली दारं. आज घरात एकच बाई आहे, डॉट. म्हातारी, किडकिडीत, एकटी. तिच्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय. त्याला घरी आणायचं की नाही, हे तिला ठरवायचं आहे, आणि जे तोंडावर सांगता येत नाही ते ती टेपवर सांगते आहे.

शेवटपर्यंत दुसरं पात्र येत नाही. अर्धा तास ही बाई बोलत राहते आणि देश ऐकत राहतो. ब्रिटिश मालिकांच्या इतिहासात असं तोवर कुणी केलं नव्हतं.

एकपात्री प्रयोग आपल्या मराठी माणसाला नवा नाही. पण रंगमंचावर समोर प्रेक्षक असतो. तो हसतो, खोकतो, दाद देतो. इथे समोर होता फक्त कॅमेरा, आणि कॅमेऱ्यापुढे होत्या एक्क्याऐंशीव्या वाढदिवसाला जेमतेम दोन आठवडे राहिलेल्या, डॉट साकारणाऱ्या जून ब्राउन.

(दृश्य : सफक परगण्यातली शेतं. विटांची जुनी घरं.)

जून ब्राउन यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९२७ चा, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफकमधल्या नीडम मार्केट या लहानशा गावचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्या नौदलाच्या महिला शाखेत होत्या. युद्ध संपलं आणि त्या लंडनच्या ओल्ड विक नाट्यशाळेत दाखल झाल्या. तिथलं शिक्षण कडक होतं. आवाज, देहबोली, अभिजात नाटकं, सगळं घोटून घेतलेलं. पुढे रंगमंचावर त्यांनी लेडी मॅकबेथ केली, इब्सेनची हेडा गॅब्लर केली. ज्यांनी त्यांना फक्त टीव्हीवर पाहिलं, त्यांना हे सांगूनही पटत नाही.

घरात मात्र दुःखाने पाठ सोडली नाही. १९५० मध्ये जॉन गार्ली या नटाशी त्यांचं लग्न झालं. सात वर्षांनी, नैराश्याच्या आजारात, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी रॉबर्ट अर्नोल्ड या अभिनेत्याशी लग्न केलं. त्यांना सहा मुलं झाली, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. पाच मुलांचं घर आणि दोघंही नाटकवाले. मग मिळेल ती भूमिका घ्यायची. एखाद्या मालिकेत दोन भाग, कुठे कुणाची आई, १९७३ साली ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेत एक सरदारपत्नी. नाव पडद्यावर यायचं, पण रस्त्यात कुणी ओळखायचं नाही. असं तीसेक वर्षं चाललं.

(दृश्य : बोरमवुड, एल्स्ट्री स्टुडिओ. चौकाचा सेट. मधे बाग, कोपऱ्यावर पब.)

‘ईस्टएंडर्स’ सुरू झाली १९ फेब्रुवारी १९८५ ला. पूर्व लंडनमधली वॉलफर्ड नावाची काल्पनिक वस्ती, तिथला आल्बर्ट चौक आणि त्याच्या चारी बाजूंची कष्टकरी माणसं. मालिका रचणाऱ्या ज्युलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड यांना एक विधवेसारखी जगणारी, देवभोळी, भोचक बाई हवी होती. मालिकेतला नट लेस्ली ग्रँथम याने जून ब्राउन यांचं नाव सुचवलं. करार झाला तीन महिन्यांचा. जुलै १९८५ मध्ये डॉट कॉटन पडद्यावर आली तेव्हा जून ब्राउन अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. या वयात नट्यांचे फोन वाजायचे बंद होतात. लंडनमध्येही होतात.

(दृश्य : गोल काचेच्या दारांमागे गरगरणारे कपडे.)

डॉट काम करते लाँड्रेटमध्ये. लाँड्रेट म्हणजे नाणी टाकून मशीनवर कपडे धुवायचं दुकान. आता गंमत बघा. अशा मालिकांना ‘सोप’ म्हणतात, कारण १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओमालिकांना पैसा पुरवायच्या साबण कंपन्या. आणि सोपची ही सगळ्यात लाडकी बाई दिवसभर खरोखरच साबणाच्या वासात उभी!

अंगावर कामाचा झगा, गळ्यात क्रूस, बोटांत सिगारेट. ही सिगारेट उसनी नव्हती, जून ब्राउन स्वतः तरुणपणापासून ओढायच्या. तोंडी बायबलचं वचन, आणि वचन संपतं न संपतं तोच शेजारणीची निंदा. सुरुवातीला लोक डॉटला हसले. हसण्यासारखीच होती ती. पण जरा नीट ऐकलं तर कळतं की ही बाई गप्प बसायला घाबरते. नवरा चार्ली पळालेला, पोरगा निक गुंड, चोर आणि खुनी. घरी गेलं की भिंती. बोलणं थांबलं तर त्या भिंतींकडे बघावं लागेल, म्हणून ती बोलते. हे कुठल्याही संवादात लिहिलेलं नव्हतं, जून ब्राउन यांनी ते नजरेतून आणलं.

निकची भूमिका करायचा जॉन ऑल्टमन. आईने बिंगोत, म्हणजे हाउसीसारख्या आकड्यांच्या खेळात, जिंकलेल्या पैशांसाठी हा पोरगा धर्माला लागल्याचं सोंग करतो आणि तिला विष घालायला निघतो. ऐन वेळी त्याचा हात कचरतो. तरी डॉट त्याला माफ करते. पुन्हा करते, पुन्हा करते. आपल्याकडे अशा आईला काय म्हणतात ते सांगायला नको, प्रत्येक वाड्यात एक असायची.

१९९३ मध्ये जून ब्राउन मालिका सोडून गेल्या, १९९७ मध्ये परतल्या. माझ्या मते खरी डॉट या दुसऱ्या डावातली. सन २००० मध्ये तिची जिवाभावाची मैत्रीण एथेल कर्करोगाने शेवटच्या टप्प्यात येते आणि म्हणते, मला सुटायला मदत कर. ज्या बाईने जन्मभर देवाचा धाक बाळगला, तिलाच हे मागणं. डॉट मदत करते, आणि मग स्वतःच पोलिसांकडे जाऊन कबुली देते. एथेल झालेल्या ग्रेचेन फ्रँकलिन तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. दोन म्हाताऱ्या नट्या एका खोलीत, आणि ब्रिटनभर घराघरांत इच्छामरणावर वाद.

२००२ च्या व्हॅलेंटाइनच्या दिवशी डॉटचं लग्न लागतं जिम ब्रॅनिंगशी. हा खोडकर म्हातारा साकारला जॉन बार्डन यांनी. २००७ मध्ये त्यांनाच खरोखर पक्षाघाताचा झटका आला. लेखकांनी पात्रालाही तोच आजार दिला, आणि त्यातून तो टेपवाला भाग जन्मला.

तो लिहिला टोनी जॉर्डन यांनी. डॉट टेपवर जिमशी बोलता बोलता लहानपणात शिरते. युद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा मुलांना खेड्यापाड्यांत पाठवलं गेलं होतं, त्यांतली ती एक. वेल्समध्ये एका जोडप्याने तिला माया लावली, आयुष्यातली बहुधा पहिलीच. आणि मग ती जिमला सांगते की आजाऱ्याचं करायला मला जमेल असं वाटत नाही. चांगल्या बाईने जे बोलायचं नसतं ते ती बोलते.

जून ब्राउन यांचे पती रॉबर्ट २००३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या आजारात गेले होते. तो भाग पाहताना हे माहीत असलं की काही जागी आपलाच श्वास अडकतो.

या भूमिकेसाठी २००९ मध्ये त्यांना बाफ्टाच्या, म्हणजे ब्रिटनच्या मानाच्या चित्रपट-टीव्ही पुरस्कारांच्या, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. सोपमधल्या नटीला हा मान याआधी एकदाच, १९८८ मध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या दुसऱ्या सोपच्या जीन अलेक्झांडर यांना मिळाला होता. पुरस्कार जून ब्राउन यांना मिळाला नाही. सोप म्हणजे हलकं काम, ही समजूत तिकडेही आहेच. त्या मात्र त्याच वर्षी, ब्याऐंशीव्या वर्षी, लंडनच्या रंगमंचावर ‘कॅलेंडर गर्ल्स’ या नाटकात उभ्या होत्या, जिथे मध्यमवयीन नि म्हाताऱ्या बायका धर्मादाय कॅलेंडरसाठी कपडे उतरवतात!

(दृश्य : रात्रीचा चौक. एका खिडकीत दिवा.)

फेब्रुवारी २०१५. मालिकेची तीस वर्षं. निक डॉटसमोर मरायला टेकलाय. या वेळी ती अँब्युलन्स बोलवत नाही. सगळं देवावर सोडते आणि लेकाजवळ बसून राहते. तीस वर्षं माफी देणारी आई थकली, असं मला ते दृश्य पाहताना वाटतं.

पुढे जून ब्राउन यांची दृष्टी मंदावत गेली, समोरच्याचा चेहराही धड ओळखू येईना. जानेवारी २०२० मध्ये त्यांचं काम थांबलं. ३ एप्रिल २०२२ ला, पंचाण्णवाव्या वर्षी, सरे इथल्या घरी त्यांचं निधन झालं. डिसेंबरमध्ये मालिकेनेही डॉटला निरोप दिला. चौकातून तिची अंत्ययात्रा निघाली आणि जुनी जुनी पात्रं तिच्यासाठी परतली.

पण डॉट पडद्यावरून गेली ती त्याआधीच, २०२० च्या त्या जानेवारीत. ती आयर्लंडला गेली होती. तिच्या लाडक्या सोनियाला, जिमच्या नातीला, एक निरोप येतो, फोनवर रेकॉर्ड केलेला. मी आता इथेच राहते, परत येत नाही.

(दृश्य : रिकामं लाँड्रेट. एकच मशीन फिरतंय. हळूहळू थांबतं.)

पडद्यावर डॉट कुठेच नाही. फक्त तिचा आवाज.