तांबं सुटत का नाही?

आज विषय ॲमिनो आम्लांच्या एस्टरचं (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनतो तो एस्टर) जलापघटन, म्हणजे पाण्यानं फुटणं, असा छापलाय, आणि मी त्यावर येणारच आहे. पण आधी माझं जुनं गाऱ्हाणं. उत्प्रेरक वेग वाढवतो आणि स्वतः अभिक्रियेत भाग घेत नाही, हे वाक्य शाळेत घोकून घेतात. भाग न घेता वेग कसा वाढेल हो? भाग घेतो, चांगला मनापासून घेतो. प्रश्न एवढाच, की नंतर मोकळा होतो का? (तुम्ही हसताय म्हणजे तुम्हीही घोकलंय.)

तेच बघा कॉस्टिक सोड्याचं. आपण सर्रास म्हणतो, अल्कलीनं एस्टर लवकर फुटतो. खरंय, पण हायड्रॉक्साइड त्यात खर्च होतो. त्याला उत्प्रेरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझी एक विद्यार्थिनी ग्लायसिन या ॲमिनो आम्लाच्या एथिल एस्टरवर काम करायची. पीएच-स्टॅट माहीत असेल: पीएच ढळू लागला की यंत्र सोड्याचे थेंब सोडतं, आणि किती सोडा गेला याची रेघ काढतं. नुसत्या पाण्यात रेघ आळसावलेली. तिनं एस्टरच्या मानानं थोडं कॉपर क्लोराइड टाकलं. रेघ टुणकन उडाली! ती लगेच खूश. म्हटलं, थांब, ही उडी जलापघटनाची नाही. ॲमिनो गटाला धरताना तांब्यानं त्यावरचा प्रोटॉन हाकलला, त्याचा हिशेब आहे हा. खरा वेग उडीनंतरच्या चढात. तो चढही झकास होता, पण अर्ध्या वाटेतच रेघ लोळली. एस्टर तर भरपूर शिल्लक. ती म्हणाली, "सर, बाटली खराब आहे." पुरवठादाराला पत्रही लिहायला बसली होती! बाटली बिचारी निर्दोष. तयार झालेल्या ग्लायसिननं नायट्रोजन आणि कार्बोक्सिलेट (प्रोटॉन गेलेला आम्लगट) अशा दोन्ही हातांनी तांबं धरून ठेवलं होतं. एस्टरची पकड त्यापुढे ढिली. काम झालं तरी बैठक न सोडणारा पाहुणा, दुसरं काय!

आयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. आता मूळ विषय, भराभर.

धातूंचे आयन या एस्टरना फोडायला मदत करतात हे क्रोल यांनी १९५२मध्ये दाखवलं. पुढे १९५७मध्ये बेंडर आणि टर्नक्विस्ट यांनी जड ऑक्सिजन (ऑक्सिजन-१८) वापरून एस्टरमधल्या कार्बोनिलच्या, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या, ऑक्सिजनची पाण्यातल्या ऑक्सिजनशी अदलाबदल पाहिली. म्हणजे पाणी कार्बोनिलला जोडलेली मधली अवस्था खरोखर येते. कार्बोनिल तांब्याकडे झुकलं की त्याचा कार्बन आणखी इलेक्ट्रॉन-गरीब होतो आणि सातच्या आसपासच्या पीएचलाही हायड्रॉक्साइडला तिथं वाव मिळतो. तीन धन प्रभाराचा कोबाल्ट तर ॲमिनो आम्लाला सोडतच नाही. म्हणून यंत्रणा शिकायला उत्तम, उत्प्रेरक म्हणून कुचकामी.

आणि कायमोट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर, सजीवांतला उत्प्रेरक? तो मात्र मोकळा होतो. त्याच्या साखळीतलं १९५ क्रमांकाचं ॲमिनो आम्ल, सेरिन, आधी एस्टरचा ॲसिल (आम्लाकडचा) भाग स्वतःवर घेतं, अल्कोहोल सुटतं. मग पाणी येऊन ॲसिल काढून नेतं. ॲसिटिल ट्रिप्टोफॅनचे मिथिल, एथिल आणि पॅरा-नायट्रोफिनाइल असे तीन एस्टर दिलेत, तरी भरपूर एस्टर असताना मिळणारा वेग जवळजवळ एकच. अल्कोहोल वेगळं, पण तिघांचा ॲसिल-विकर (ॲसिल चिकटलेलं विकर) एकच, आणि अडतं ते त्यातून ॲसिल सुटण्यापाशी. या विकरातलं दुसरं ॲमिनो आम्ल, हिस्टिडीन, काय करतं ते प्रश्नोत्तरांत विचारा. दुसरी चिठ्ठी आलीय.