51 किलोत थांबलेला माणूस: सोमजित जोंगजोहोर

थायलंडचं बॉक्सिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लगेच मुए थाई येतं, म्हणजे गुडघे, कोपर, लाथा, आणि बँकॉकला फिरून आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये स्टेडियमचा एक तरी फोटो असतोच. आज मला त्याबद्दल नाही बोलायचंय. ऑलिंपिकचं जे हौशी बॉक्सिंग पूर्वी हेडगार्ड, बनियन घालून खेळलं जायचं, त्यात 33 व्या वर्षी गोल्ड घेणाऱ्या एका माणसाबद्दल बोलायचंय. नाव सोमजित जोंगजोहोर, जन्म 1975 चा, गाव बुरीराम प्रांतातलं, म्हणजे इसान, थायलंडचा ईशान्येकडचा कोरडा भातशेतीवाला पट्टा. तिकडे देवळाच्या जत्रेत पोरं दहा-बारा वर्षांची असल्यापासून पैशासाठी फाइट करतात. बरं, मुए थाईत नुसत्या ठोशाला फारसा भाव नाही, लाथ आणि गुडघा बसला की जज खूश, त्यामुळे ज्या पोराचे हात चांगले त्याला ऑलिंपिकवाल्या बॉक्सिंगमध्ये वळवायचं, असं तिथे वर्षानुवर्षं चाललंय.

थाई बॉक्सिंगचा ऑलिंपिक हिशोब पटकन सांगतो. 1976 ला माँट्रियलमध्ये पायाओ पूनतारातचं ब्राँझ, देशाचं पहिलंच ऑलिंपिक मेडल. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये सिल्व्हर. 1996 ला अटलांटात सोमलक कामसिंगचं गोल्ड, तेही देशाचं पहिलंच. आणि 2000 ला सिडनीत विजान पोनलिद, गोल्ड, वजनगट 51 किलो.

आता गंमत बघा, सोमजितचा वजनगटही 51 किलोच, वयात दोघं जवळजवळ बरोबरीचे, आणि ऑलिंपिकला एका वजनात एका देशाचा एकच माणूस जातो. सिडनीला ती जागा विजानची होती आणि त्याने फायनलला कझाकस्तानच्या बुलात जुमादिलोव्हला 19-12 ने हरवून तिचं सोनं केलं. खो-खोत कसं, आधीच्याने खो दिल्याशिवाय उठता येत नाही, तसं हे. बाकीचे करियर सांगताना फक्त मेडल मोजतात, मला मात्र वाटतं की सोमजितचं खरं करियर या बसून राहण्यात आहे, कारण पंचविशीतला बॉक्सर, आपल्याच वजनात आपल्याच देशाचा माणूस चॅम्पियन झालेला, अशा वेळी नव्वद टक्के लोक वजन तरी बदलतात नाहीतर प्रोफेशनल तरी होतात. हा थांबला.

2003 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप बँकॉकलाच होती, तिथे घरच्या लोकांसमोर त्याने गोल्ड मारलं, म्हणजे 2004 च्या अथेन्सला तो वर्ल्ड चॅम्पियन म्हणून उतरला. सगळे म्हणत होते मेडल पक्कं. आणि ड्रॉमध्ये लवकरच समोर कोण आलं तर क्यूबाचा युरिओर्किस गाम्बोआ. खलास. गाम्बोआने पुढे गोल्ड घेतलं. त्याच अथेन्समध्ये मानुस बूनजुमनोंगने 64 किलोत गोल्ड आणलं, म्हणजे मायदेशी मिरवणूक निघाली ती दुसऱ्याची, आणि वर्ल्ड चॅम्पियन रिकाम्या हाताने घरी. वय 29.

इथून पुढे चार वर्षं. 2006 ला दोहाच्या एशियन गेम्समध्ये फायनलला फिलिपिन्सच्या विओलितो पायलाकडून हरला. 2007 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला शिकागोत फायनलला अमेरिकेच्या रॉशी वॉरनकडून हरला. दोन वेळा फायनल, दोन वेळा दुसरा. त्यात हौशी बॉक्सिंगला तेव्हा वयाची मर्यादा होती 34, म्हणजे 2012 चा विचारच नको, 2008 चं बीजिंग ऑलिंपिक गेलं की संपलं.

बीजिंगचं स्कोअरिंग जरा समजून घ्या, त्याशिवाय हा माणूस कळत नाही. दोन-दोन मिनिटांचे चार राउंड. पाच जज, प्रत्येकाच्या हातात बटणं, आणि एका सेकंदाच्या आत पाचपैकी किमान तिघांनी बटण दाबलं तरच पॉइंट. ठोसा किती जोरात बसला याला काडीची किंमत नाही, तो दिसला पाहिजे. मिठी मारून आत दिलेले ठोसे कोणी मोजायचं नाही. मग अशा सिस्टिममध्ये लहानपणापासून अंतर मोजायला शिकलेला, समोरच्याला आधी हलू देऊन मग स्वच्छ एक टाकून निघून जाणारा माणूस सोन्यासारखा. ही सिस्टिम बघायला कंटाळवाणी होती हे मी मान्य करतो, लोक शिव्या घालायचे, पण तिची परीक्षा खोटी नव्हती.

त्या वजनात आधीच उलथापालथ झाली होती. वॉरन, चालू वर्ल्ड चॅम्पियन, पहिल्याच फाइटला कोरियाच्या ली ओक-सुंगकडून 9-8 ने गेला, आणि तोही शेवटच्या काही सेकंदांत आपण पुढे आहोत असं समजून लांब राहिला म्हणून! गाम्बोआ तर क्यूबाच सोडून पळाला होता, व्हेनेझुएलातल्या कॅम्पमधून. आपला भिवानीचा जितेंदर कुमारही याच 51 किलोत होता, हनुवटीला टाके घालून क्वार्टर फायनल खेळला आणि रशियाच्या बालाक्शिनकडून हरला, आणि त्या बालाक्शिनला सेमीला हरवलं क्यूबाच्या आंद्री लाफिताने, म्हणजे गाम्बोआच्या जागेवर आलेल्या माणसाने. सोमजित दुसऱ्या बाजूने सेमीला इटलीच्या पिकार्दीला हरवून वर आला.

23 ऑगस्ट 2008, फायनल. स्कोअर 8-2. आठ मिनिटांत क्यूबन बॉक्सरला दोन पॉइंट. आकडा वाचून कोणाला वाटेल की मॅच झोपाळू असेल, मला तो आकडा हिऱ्यासारखा वाटतो, कारण लाफिता पुढे येत राहिला आणि पोचलाच नाही. आणि ते ऑलिंपिक क्यूबासाठी इतकं वाईट गेलं की बॉक्सिंगमध्ये त्यांना आठ मेडल मिळाली पण गोल्ड एकही नाही. त्याच दिवशी मानुसही फायनलला होता, तो डॉमिनिकन रिपब्लिकच्या फेलिक्स दियाझकडून 12-4 ने हरला. अथेन्सला मानुस जिंकला आणि सोमजित हरला, इथे बरोबर उलटं.

थायलंडला त्या ऑलिंपिकमध्ये दोनच गोल्ड मिळाली, दुसरं वेटलिफ्टिंगचं, त्यामुळे देश अक्षरशः वेडा झाला. सोमजितने मग ग्लोव्ह्ज टांगले आणि टीव्हीवर दिसायला लागला. अटलांटा, सिडनी, अथेन्स, बीजिंग, अशी सलग चार ऑलिंपिक थाई बॉक्सरनी गोल्ड घेतलं होतं, ती साखळी मात्र तिथे तुटली. 2012 ला लंडनमध्ये केव पोंगप्रायून 49 किलोच्या फायनलला चीनच्या झोऊ शिमिंगकडून 13-10 ने हरला, निकालावर थायलंडमध्ये अजून भांडतात, आणि मला विचाराल तर भांडायला जागा आहे. पुढे टोकियो आणि पॅरिसला थाई बायकांनी ब्राँझ आणली, गोल्ड अजून नाही.

नंतर स्कोअरिंगही बदललं, बटणं गेली, प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला दहा पॉइंट अशी पद्धत आली, पुरुषांचे हेडगार्ड काढले. नव्या पद्धतीत सोमजित जिंकला असता का? मला नाही वाटत. पुढे येऊन मारामारी करणाऱ्याला जज जरा जास्त देतात, आणि याचा अख्खा खेळ तर मागे सरकण्यात होता.