जिभेखालची गोळी आणि घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार.

जिना चढताना, घाईघाईत चालताना, कधी नुसतं संतापल्यावरही छातीच्या मधोमध कुणीतरी दाबून धरल्यासारखं वाटतं. दुखणं डाव्या हातात नाहीतर जबड्यात उतरतं. जरा थांबलं, की काही मिनिटांत ओसरतं. याला आम्ही डॉक्टर अंजायना म्हणतो. धमन्या अरुंद झालेल्या, त्यामुळे श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला लागेल तेवढं रक्त मिळत नाही, आणि तो तक्रार करतो. त्यावर नायट्रेट गटातली औषधं देतात. कुठलं औषध आणि किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतात. पण ते कधी घेतलं आणि कसं घेतलं, ही गडबड बहुतेक वेळा घरी होते. म्हणून आज वेळेबद्दलच बोलणार आहे.

आधी थोडा इतिहास सांगते, तो पुढे कामाला येईल. याच नायट्रेट गटातलं नायट्रोग्लिसरीन १८४७ मध्ये आस्कानियो सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं तयार केलं. त्यानं ते किंचित चाखून पाहिलं आणि त्याचं डोकं ठणकायला लागलं. पुढे आल्फ्रेड नोबेलनं त्याच पदार्थापासून डायनामाइट बनवलं. १८७९ मध्ये विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरांनी त्याचं अगदी विरळ द्रावण अंजायनाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, आणि गुण आला. आयुष्याच्या अखेरीस खुद्द नोबेलला हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी हेच औषध सांगितलं. आता मुद्द्याची गोष्ट. स्फोटकांच्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी हमखास दुखायचं. एकदोन दिवसांत शरीर त्या वाफांना सरावायचं आणि दुखणं थांबायचं. सुट्टीत सराव मोडायचा, की सोमवारी पुन्हा तेच!

आपल्या गोळ्यांचंही असंच आहे. दिवसरात्र रक्तात नायट्रेट राहिलं, तर रक्तवाहिन्या त्याला सरावतात आणि दाद देईनाशा होतात. गोळी पोटात जाते, पण छातीचं दुखणं थांबत नाही. म्हणून चोवीस तासांतले साधारण १० ते १२ तास शरीराला नायट्रेटपासून सुट्टी द्यावी लागते, आणि ती बहुधा रात्री देतात. इथे नेमके नेटके, शिस्तीचे लोक फसतात. दोनदा घ्यायची गोळी म्हणजे सकाळी आठ आणि रात्री आठ, असा सरळ हिशेब ते करतात. पण आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची साधी गोळी दोनदा दिली असेल, तर दुसरी पहिलीनंतर सुमारे ७ तासांनी घ्यायची असते. म्हणजे सकाळी आठला एक आणि दुपारी तीनला दुसरी. औषधाच्या चिठ्ठीवर अशी विचित्र वेळ दिसली तर ती चूक समजून दुरुस्त करू नका. सावकाश विरघळणारी गोळी सहसा सकाळी एकदाच घेतात. ती चावायची नाही, कुटायची नाही. अर्धी करायची असेल तर आधी विचारा. छातीवर पॅच लावत असाल तर तोही सहसा रात्री काढतात, आणि नवा लावताना जागा बदलतात. काहींना दुखणं रात्रीच येतं. त्यांची सुट्टी दिवसा ठेवावी लागते, पण ही अदलाबदल डॉक्टरांनीच करायची.

जिभेखालच्या गोळीचं काम वेगळं. ती गिळली तर बरंचसं औषध यकृतातच मोडतं, म्हणून जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाणी प्या. आणि घेताना बसा. ही गोळी शिरा सैल करते, त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि त्याच्यावरचा भार हलका होतो. पण त्याच वेळी रक्तदाबही उतरतो. उभ्यानं गोळी घेऊन चक्कर येऊन पडलेले रुग्ण आम्हाला भेटतात. दारू प्यायलेली असेल तर धोका आणखी वाढतो.

अमुक चढ चढला की दुखतंच, हे ठाऊक असेल तर दुखण्याची वाट कशाला पाहायची? डॉक्टरांनी सांगितलं असेल तर निघण्याच्या ५ ते १० मिनिटं आधी गोळी जिभेखाली ठेवता येते. कितीतरी जण ती ‘अगदीच असह्य झालं तर’ म्हणून जपून ठेवतात. मला हे कधीच पटलेलं नाही.

दुखणं सुरू झालं, बसलात, गोळी ठेवली, तर घड्याळ बघा. ५ मिनिटांत उतार पडला नाही किंवा दुखणं वाढलं, तर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत ५ मिनिटांच्या अंतरानं दुसरी आणि मग तिसरी गोळी घेता येते, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. तीनच्या पुढे नाही. स्वतः गाडी चालवत निघू नका. आणि गोळीनं थांबलं म्हणजे हृदयाचंच होतं, असाही निष्कर्ष काढू नका. अन्ननलिकेच्या आकडीलाही या गोळीनं आराम पडतो. मात्र बसल्याजागी दुखायला लागलं किंवा पूर्वीपेक्षा वारंवार दुखू लागलं, तर डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा.

सुरुवातीला डोकं दुखतं, सोब्रेरोचं दुखलं तसंच. काही दिवसांत ते कमी होतं, तोवर पॅरासिटामॉल चालतं. त्यापायी रोजचं औषध एकदम बंद करू नका, कारण छातीचं दुखणं उसळून येऊ शकतं.

आता संकोचाचा विषय, लैंगिक तक्रारींवरच्या गोळ्यांचा. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट अजिबात घ्यायचं नाही. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. ही औषधं फक्त लैंगिक तक्रारींसाठी नसतात. फुप्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी स्त्रियांनाही देतात. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी विचारलं, तर शेजारी कुणीही बसलेलं असो, खरं सांगा.

नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या ज्या काचेच्या बाटलीत येतात, त्यातच ठेवा. आत कापूस घालू नका, तो औषध शोषून घेतो. अंगालगतच्या खिशातल्या उबेनंही त्या निकामी होतात. बाटली उघडाल त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा, उघडल्यावर ती किती दिवस चालते ते वेष्टनावर वाचा, आणि ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

नमस्कार.